माटीबाबाचे किडे

शनिवारी दहा वाजायच्या आत निर्मलाबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. वरठीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्यांसाठी भय्याजींनी बांधलेली ही खोल्यांची लाइन. एरवी या वेळी इथं चिटपाखरू नसतं. आज मात्र रात्रपाळी करून आलेले गडीसुद्धा अंघोळ न करता डोळे चोळत उभे होते. बाया भिंतीला टेकून, म्हातारे बाजेवर. सगळ्यांच्या मधोमध अर्ध्यातून कापलेला निळा ड्रम, आणि त्यात निर्मलाबाईचं कागदी लिंबाचं झाड. पानं पिवळी पडलेली, शेंडे वाळलेले.

ड्रमासमोर माटीबाबा मांडी घालून बसला होता. मातकट कफनी, गळ्यात बेहड्यांची माळ, मनगटावर चमकणारं घड्याळ. तो कुठून आला ते कोणालाच धड सांगता येत नव्हतं. येऊन तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्यात अख्खी लाइन त्याच्या पायाशी आली होती.

"माटी माय आहे, माय," तो डोळे मिटून म्हणाला. "माणूस झूठ बोलन, कागद झूठ बोलन, डॉक्टरची मशीन झूठ बोलन. पर माटी सच बोलते. बोल माय, तुह्या पोटात कोणं काय घातलं?"

माय काही लगेच बोलत नसे. तिला बोलतं करायला तांब्याभर तीर्थ लागे, आणि ते बाबाच्याच तांब्यातलं लागे. घरच्या नळाच्या पाण्यानं तिचा घसा मोकळा होत नसे. बाबाचा चेला विनोद यानं पिवळसर तीर्थ ड्रमात ओतलं. बाबा पुटपुटू लागला. चार-पाच मिनिटं गेली आणि ड्रमातली माती हलायला लागली.

लांबलचक, तांबडे, ओले किडे. एक आला, मग दोन, मग बघता बघता मातीवर वळवळाट झाला. कोणी पिळून काढल्यासारखे ते उड्या मारत होते. बाया मागं सरल्या. कोणीतरी रामराम म्हटलं.

"हे तर गांडूळ दिसून राहिले," एक म्हातारा हळूच बोलला.

"गांडूळ दिसते, पर गांडूळ नाही," बाबा गरजला. "गांडूळ पावसात निघते. हे भर उनात काहून निघाले? करणी आहे ही, करणी."

ज्यांची अर्धी हयात धानाच्या बांधीत गेली, ज्यांनी लहानपणी गांडुळं गळाला लावून तलावातले मासे धरले, त्या माणसांनी माना डोलावल्या. विनोदनं चिमट्यानं किडे उचलून मिठाच्या ताटात टाकले.

"ज्या हातानं झाड लावलं," बाबा म्हणाला, "त्याच हातानं किडे घातले."

झाड कोणी लावलं ते साऱ्यांना ठाऊक होतं. माना मागं वळल्या. फाटकापाशी मंगलाबाई उभी होती.

मंगलाबाई वीस वर्षांपासून रोपं विकते. नवरा गेल्यापासून तिनं मुलगा संघपाल याला याच धंद्यावर शिकवला. या लाइनीत असं एक दार नाही जिथं तिच्या हातचं लिंबू नाही. कापलेल्या ड्रमात, रंगाच्या रिकाम्या डब्यात, फुटक्या टाकीत. इथले सगळे मोटारसायकलीनं कारखान्यात जातात आणि दर शनिवारी हँडलला लिंबू-मिरची बांधतात. नवी गाडी आली की दारच्याच झाडाचं पहिलं लिंबू चाकाखाली द्यायचं, अशी इथली रीत पडून गेली होती. मंगलाबाईला ती रीत पटत नसे, पण त्या निमित्तानं लोक झाडं लावतात म्हणून ती गप्प राहायची. आता ते गप्प राहणं तिच्यावरच उलटलं होतं. कारण निर्मलाबाईचं लिंबू वाळायला लागलं त्याच आठवड्यात तिचा मुलगा कैलाश गाडीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. मग आणखी तीन-चार दारांतली लिंबं पिवळी पडली. लोकांना एवढंच पुरलं. रक्षण करणारं झाड वाळलं म्हणजे कोणीतरी वाळवलं.

"पुढच्या शनिवारी त्या बाईनं इथं यावं," बाबानं निवाडा दिला. "याच ड्रमातली मूठभर माटी साऱ्यांसमोर खावी. मन साफ असन तर पचन. नसन तर तोंडातून किडे पडतीन. मग तिले या लाइनीत ठेवायचं का हाकलायचं, ते भय्याजी पाहतीन."

भय्याजी मालक. पांढरा सदरा, हातात पानाचा डबा. ते म्हणाले, "बाबा म्हणतेत तसं होऊन जाऊ द्या. खरं असन ते समोर येईन."

मंगलाबाईनं निर्मलाबाईकडं पाहिलं. ही बाई तिच्या घरचं लिंबाचं लोणचं दर वर्षी बरणीभर नेते. हिचं बाळंतपण मंगलाबाईच्याच हातानं झालं. निर्मलाबाईनं नजर खाली घातली. मंगलाबाई फाटक ओढून निघाली.

घरी आल्यावर संघपालनं पिशवीच काढली.

"आई, आपण चिखल्याले मामाकडं जाऊ. आठ-पंधरा दिवस."

"कायले?"

"कायले म्हणजे? गावोगाव बायाले काय करतेत ते तुले माहीत नाही का? माती चारतीन, मग मारतीन."

"आज पळालो तर तो म्हणन, पाहा, पळाली. मग जन्मभर मी जादूवालीच. तुह्या पोराले शाळेत म्हणतीन, याची आजी किडे घालते." तिनं पिशवी हिसकावून खुंटीला लावली. "मी कुठं जात नाही. मले आधी एक सांग. त्या तांब्याजवळ उभा राहिला होता तू. तुह्या डोळ्यातून पाणी काहून आलं?"

संघपाल आठवू लागला. "झोंबलं काहीतरी. धूप असन."

"धूप लावलाच नव्हता."

वाऱ्यानं फाटकापर्यंत आलेला तो वास तिच्या नाकात अजून होता. ओळखीचा होता, पण नाव सापडत नव्हतं. सकाळी फळीवरची लोणच्याची बरणी काढताना तिला ते सापडलं. मोहरी. वाटलेली कच्ची मोहरी. लोणच्याची मोहरी वाटून झाली की मिक्सरचं भांडं विसळून ते पाणी ती शेवग्याच्या बुडाशी फेकायची. एकदा तिथं गांडुळांचा सडा पडला होता. पाऊस येणार असेल म्हणून तिनं सोडून दिलं होतं.

तिनं मूठभर मोहरी वाटली, गार पाण्यात कालवली आणि शेवग्याखाली ओतली. मग उकिडवी बसली. ना मंत्र, ना माळ. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात माती हलली आणि तांबडी गांडुळं तडफडत वर आली. त्यांच्या ओल्या कातडीला मोहरी झोंबत होती, दुसरं काय? तिनं झटकन साधं पाणी ओतून त्यांना धुतलं आणि पुन्हा मातीत सोडलं. आधी तिला हसू आलं. मग असा राग आला की हातातली वाटी तिनं भिंतीवर फेकली. मोहरीच्या पाण्यावर हा माणूस तिला माती चारायला निघाला होता.

पण एक प्रश्न उरला. गांडूळ झाड मारत नाही. मग झाडं मेली कशानं? तिच्या स्वतःच्या दारातलं एक लिंबूही पिवळं पडलं होतं. इतके दिवस ती त्याला पाणीच वाढवत होती, आणि विचारणाऱ्यांनाही तेच सांगत होती. आता तिनं आणि संघपालनं मिळून त्या लिंबाचा डबा आडवा केला, थोपटला आणि झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर ओढलं.

मुळं जवळजवळ नव्हतीच. बारीक तंतू सगळे कुरतडलेले. आणि मातीत इथं-तिथं करंगळीएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकून गोल झालेल्या अळ्या, तपकिरी डोक्याच्या. हुमणी. खाऊन खाऊन फुगलेली.

मंगलाबाईनं एक अळी तळहातावर घेतली. ही हुमणी कुठून आली ते तिला लगेच कळलं. दर वर्षी ती शेणखत खड्ड्यात वर्षभर कुजवते, दोनदा वरखाली करते, चहापत्तीसारखं भुरभुरीत झालं आणि वास गेला की मगच कुंडीत घालते. यंदा मागणी वाढली. जूनमध्ये तिनं भय्याजींच्या गोठ्यामागच्या उकिरड्यावरचं अर्धकच्चं शेण उचललं आणि घाईघाईनं साऱ्यांचे ड्रम भरून दिले. भुंगेरे अशाच शेणात अंडी घालतात. अळ्या शेणातून कुंडीत आल्या. शेण संपलं तशा मुळांवर गेल्या. मोकळ्या शेतात झाडाची मुळं दूर पसरतात, कुंडीत ती कुठं जाणार?

"म्हणजे किडे आपल्याच खतातून गेले," ती म्हणाली.

संघपालचा चेहरा उतरला. "हे बोलू नको, आई. मोहरीचं दाखव, बाबाले उघडं पाड. पण हे बोलली तर ते म्हणतीन, पाहा, कबूल केलं."

"आणि नाही बोलली तर झाडं मरतच राहतीन. मग कोणाचं नाव येईन? उद्या दुसऱ्या एखाद्या बाईचं." ती उठली. "अर्धं खरं तर तो बाबाही बोलते. किडे आहेत म्हणते ना तो? आहेतच. मले पुरं सांगायचं आहे."

शनिवारी गर्दी दुप्पट होती. बाहेरगावची माणसंही आली होती. एका बाईला माती खाताना पाहायला माणसं पोरंबाळं घेऊन आली होती, हे सांगताना आजही तोंड कडू होतं. कैलाश प्लास्टरचा पाय लांब करून अंगणातच बाजेवर पडला होता. विनोदनं ड्रमातली माती पितळेच्या ताटलीत काढून ठेवली होती, वर हळदी-कुंकू वाहून.

"ये बाई," बाबा म्हणाला. "माय तुह्यी वाट पाहून राहिली."

"खाईन," मंगलाबाई म्हणाली. "पण आधी माझं एक काम करायचं. निर्मला, तुह्या घरातली मोहरी घे. तुह्याच मिक्सरमध्ये वाट. तुह्या नळाचं पाणी घाल. मी कशालेच हात लावत नाही."

"हे काय नाटक आहे?" बाबा म्हणाला.

"तुमची माय सच बोलते ना जी? मग भेता कायले?"

गर्दीत हसू फुटलं. निर्मलाबाईनं भय्याजींकडं पाहिलं. भय्याजींनी पान चघळत मान हलवली. ती आत गेली. मिक्सर घरघरला. निर्मलाबाई मोहरीचं पाणी घेऊन बाहेर येईस्तोवर मंगलाबाई फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली होती. तिनं सोबत आणलेल्या पेल्यातलं पाणी तोंडात भरून गाल फुगवले, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि नळाजवळच्या धोप्याच्या वाफ्याकडं मानेनं खूण केली. धोपा म्हणजे अळू. तो वाफा निर्मलाबाईनं स्वतः लावलेला, स्वतः खुरपलेला. मंगलाबाईचा हात त्याला कधी लागला नव्हता.

निर्मलाबाईनं पाणी ओतलं. लोक वाफ्याभोवती वाकले. मग धोप्याच्या पानाखाली माती सरकली आणि एक गांडूळ तडफडत बाहेर आलं. मग दुसरं. मग वाफाभर वळवळाट.

"पाहिलं?" बाबा ताडकन उठला. "तिनंच मंतर मारला. दुरून मारला. हीच ती!"

काही माणसं खरंच मागं सरकली. तेव्हा बाजेवरून कैलाश बोलला.

"अहो बाबा, तिच्या तोंडात पाणी आहे. मंतर काय नाकातून म्हटला का?"

सगळ्यांनी फाटकाकडं पाहिलं. मंगलाबाई गाल फुगवून उभी होती. तिनं चूळ टाकली आणि आत आली.

"निर्मलानं वाटलं, निर्मलानं ओतलं, निर्मलाचाच वाफा," ती म्हणाली. "मग ही करणी कोणाची? निर्मलाची? तिले चारा मग माती."

निर्मलाबाईनं हातातलं भांडं झटकन खाली ठेवलं.

"मोहरी झोंबते म्हणून गांडूळ बाहेर पळते. तुमच्या डोळ्यातून पाणी येते तसंच. कैलाश, बाबाच्या तांब्यात बोट बुडव आणि चाटून पाहा."

विनोद तांब्या उचलायला धावला, पण कैलाशचा हात लांब होता. त्यानं बोट चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "मोहरी आहे. वर हळद."

"आणि तू पडला कसा, तेही सांग," मंगलाबाई म्हणाली.

"मी तर पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो. टिप्परची रेती सांडली होती वळणावर. तिच्यावर घसरलो. पण मले कोणी विचारते का? सारे त्या लिंबालेच विचारतेत."

मंगलाबाईनं संघपालला खूण केली. त्यानं निळा ड्रम आडवा केला. बाबा म्हणाला, मायला उलटं करू नका, पाप लागेल. संघपालनं ड्रम थोपटला आणि झाड ओढून काढलं. कुरतडलेल्या मुळांतून पांढऱ्या अळ्या अंगणात टपटप पडल्या आणि उन्हात आक्रसून गोल झाल्या.

"हे तुमच्या झाडाचे वैरी. हुमणी. या बाबानं मागच्या शनिवारी याच ड्रमातून किडे काढले ना? मग हे कसे राहिले? मोहरीच्या पाण्यानं हे वर येत नाहीत, खोल बसून मुळं खातेत. बाबाले ते माहीतच नाही. त्यानं गांडुळं मारली, जी तुमची माती भुसभुशीत करतेत. चोर घरात ठेवला आणि राखणदार मिठात घातला."

मग ती थांबली. संघपालनं डोळे मिटून घेतले.

"आणि हे हुमणीचे किडे माह्या खतातूनच आले," ती म्हणाली. "मी कच्चं शेण वापरलं. घाई केली. चूक माझी आहे. करणी नाही, चूक आहे. चूक सुधारता येते. झाड काढा, माती झटका, अळ्या हातानं वेचा, सडलेली मुळं कापा. नव्या मातीत पुरं कुजलेलं खत आणि निंबोळी पेंड घाला, वरच्या फांद्या छाटा, काही दिवस सावलीत ठेवा. पाणी बेतानं. आणि कुंडीत पूजेची फुलं, उरलेलं दूध टाकू नका. ज्यांची झाडं गेली त्यांना मी नवी रोपं देईन."

एवढ्यात फाटकाबाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. विनोद निघाला होता, गुरूला मागं ठेवून. पोरांनी त्याला चावी काढून थांबवलं. आता मघाशी माना डोलावणारेच बाबावर धावले. मंगलाबाई मधे उभी राहिली.

"हात लावू नका. आज माराल आणि उद्या कोणी दुसरा येईन तर त्याच्याही पाया पडाल. कायदा आहे यासाठी. संघपालनं मोबाइलवर सारं घेतलं आहे. ठाण्यात जाऊ, तक्रार लिहून देऊ."

"जाऊ दे ना मंगलाबाई," भय्याजी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले. "झालं ते झालं. लाइनीचं नाव खराब होईन."

इतका वेळ तिनं आवाज चढवला नव्हता. आता पितळेची ती ताटली तिनं उचलली आणि भय्याजींच्या नाकासमोर धरली. हळदी-कुंकू वाहिलेली मूठभर माती.

"घ्या. खा."

भय्याजी मागं सरले.

"खा ना जी. मले चारत होते तेव्हा चालत होती. माह्या घराचं नाव खराब होत होतं तेव्हा लाइन कुठं होती? तुमच्यातल्या एकानं तरी म्हटलं का, थांबा, आधी कुंडी उलटी करून पाहू? वीस वर्षं माह्या हातचं लोणचं खाल्लं तुमी, आणि मोहरीचा वास कोणाले ओळखता आला नाही?" तिनं ताटली जमिनीवर उलटी केली. "झाड वाळलं तर त्याची मुळं पाहा. माणूस पडला तर रस्ता पाहा. पोर तापलं तर दवाखान्यात न्या. शेजारणीच्या तोंडाकडं कायले पाहता?"

तक्रार दुपारी लिहून झाली. पहिली सही कैलाशची होती, दुसरी त्या म्हाताऱ्याची, ज्यानं गांडूळ ओळखलं होतं आणि गप्प बसला होता. सही करायची वेळ आली तेव्हा बरेच जण आपापल्या कामाला निघून गेले. दोन बाया नळावर म्हणत होत्याच, काही म्हणा, बाबाच्या हातात काहीतरी होतं. होतं ना. अर्धा पाव मोहरी होती.

दुसऱ्या दिवशी निर्मलाबाई आली. उपटलेलं लिंबू तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं होतं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मंगला, तू मले शिव्या दे. पण हे झाड तुह्या हातानं लावून दे. तुह्या हाताले गुण आहे."

मंगलाबाईनं खुरपं घेतलं आणि निर्मलाबाईच्या हातात ठेवलं.

"हाताले गुण-बिण काही नसते. गुण होता म्हणून पूजलं आणि गुण फिरला म्हणून माती चारायले निघाले. मी शेजारी बसून सांगते, तू लाव. उद्या वाळलं तर कोणाचा हात होता ते तुले माहीत असन."

निर्मलाबाई खाली बसली आणि माती चाळू लागली.